रशिया-चीनसारख्या हुकूमशाहीतल्या पुनर्विकासात लोकांच्या मताला काही किंमत असते का?

असते, पण मतदान झालं म्हणजे ती मिळाली असं धरू नका. मी नवी मुंबईत वाशीला, सिडको या सरकारी कंपनीने बांधलेल्या जुन्या इमारतीत राहतो, आमचाही पुनर्विकास चर्चेत आहे, म्हणून तुम्ही विचारलेल्या रशिया-चीनपैकी मॉस्कोचं प्रकरण मी बारकाईने वाचलं.

२०१७ मध्ये मॉस्कोने सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हच्या काळातल्या जुन्या इमारती पाडायचं काढलं. पाच हजारांवर इमारती, सुमारे दहा लाख माणसं. प्रत्येक इमारतीत मतदान, दोन तृतीयांश घरं ‘हो’ म्हणाली तर इमारत योजनेत. वाचायला छानच वाटतं. पण जो मतच देणार नाही त्याचं काय? आधी ठरलं होतं की त्याचं मत ‘हो’ धरायचं! म्हणजे गावी गेलेली म्हातारी, दवाखान्यात पडलेला माणूस, सगळे योजनेच्या बाजूने. लोक खवळले. १४ मेला हजारो माणसं सभेला जमली. शेवटी न दिलेली मतं पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटायची, असा बदल झाला. जुलैतल्या कायद्यात तितक्याच खोल्या, क्षेत्रफळ कमी नाही आणि बहुतेकांना त्याच भागात घर, ही हमी आली. माझ्या मते लोकांचा खरा सहभाग मतपत्रिकेत नव्हता, त्या ओरडीत होता. आणि पाडण्याऐवजी दुरुस्ती का नको, हे मतपत्रिकेवर कुणी विचारलंच नाही.

चीनमध्येही २०११ पासून भरपाईच्या मसुद्यावर किमान ३० दिवस हरकती मागवाव्या लागतात. पण शहरातली जमीन सरकारची, घर ताब्यात घ्यायचा निर्णय स्थानिक सरकारचा आणि हरकती ऐकणारंही तेच. कोर्टात जाता येतं, पण ते निर्णय झाल्यावर.

आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीच्या पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. गैरहजर माणूस ‘हो’ मध्ये मोजला जात नाही, म्हणून आमचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी रजिस्टर घेऊन परगावच्या सभासदांना फोन लावतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्पष्ट म्हणाल्या, “बँक गॅरंटीचा कागद दाखवा, मग सही.” (म्हणजे बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर बँक पैसे भरेल, ही हमी.) त्यांच्यासाठी आर्किटेक्टला पुन्हा बोलवावं लागलं. एका सहीची ही ताकद मला फार मोलाची वाटते.

तरी आपण हुरळून जावं असं नाही. नवी मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी आला तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, २०२० पासून प्रशासक होता. हरकत लिहून द्यायची सोय होती, पण आपल्या वतीने सभागृहात भांडणारं कुणी नव्हतं.

आणि भाडेकरू? मॉस्कोत सरकारी घरांतल्या भाडेकरूंना मत होतं. आमच्याकडे लीव्ह-लायसन्सवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना सभेची नोटीससुद्धा जात नाही. घर सोडायच्या निदान सहा महिने आधी त्यांना लेखी कळवावं, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडतोय. तुमच्या सोसायटीत असं काही केलं असेल तर मसुदा जरूर पाठवा.