पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉप सहा-सात वर्षांचा आहे. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच राहतो. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर कधीतरी डिस्प्ले येतो. तेव्हा तारीख-वेळ चुकलेली असते, पण एकदा सुरू झाला की दिवसभर बिनतक्रार चालतो. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटणही बंद करता. दुरुस्ती करणाऱ्याने बोर्ड गेल्याचं सांगितलंय, तर बोर्ड बदलावा का?

इतक्यात बदलू नका. दिवसभर चालणारा बोर्ड 'गेलेला' नसतो. त्यात दोष असू शकेल, ते मी नाकारत नाही. पण घड्याळ चुकतंय आणि अडचण फक्त सकाळीच येतेय, या दोन गोष्टी आधी दुसरीकडे बोट दाखवतात. तिकडे बघायला खर्च फारसा नाही, थोडा धीर मात्र लागेल.

त्याआधी एक काम करा. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की दुसरं काहीही करण्याआधी तुमचे फोटो, कागदपत्रं, हिशेब, जे परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे मी कळकळीने सांगतोय. माझं एक मशीन असंच रडतखडत सुरू होत होतं. आधी दुरुस्ती, मग बॅकअप, असं मी ठरवलं आणि त्या गडबडीत विंडोज नव्याने टाकताना चुकीचं पार्टिशन (डिस्कचा भाग) फॉर्मॅट झालं. घरच्यांचे कित्येक वर्षांचे फोटो गेले. मशीन पुढे एका छोट्या दुरुस्तीने व्यवस्थित चालू लागलं, फोटो मात्र आले नाहीत.

आता घड्याळाकडे येऊ. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक गोल सेल असतो, बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ क्रमांकाचा, ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्या विजेवर चालतं. वीज पूर्ण तुटली की घड्याळाचा भार सेलवर येतो. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद होणाऱ्या मशीनमध्ये सेल त्यामुळे लवकर उतरतो. उतरलेल्या सेलमुळे वेळ तर चुकतेच, पण बऱ्याच बोर्डांवर बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग्जही पुसली जातात. मग रोज सकाळी बोर्डाला पहिल्या दिवसासारखी सुरुवात करावी लागते: रॅम ओळखायची, तिचा वेग ठरवायचा, हे सगळं पुन्हा. काही बोर्ड या गडबडीत स्वतःच एक-दोनदा बंद होऊन चालू होतात आणि तोवर पडदा काळा असतो. आपल्याला वाटतं अडकलं, म्हणून आपण बटण दाबून बंद करतो आणि त्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते. म्हणून एकदा काळा पडदा दिसला तरी पाच मिनिटं हात न लावता थांबून बघा. नव्या, डीडीआर५ रॅमच्या मशीनमध्ये तर पहिल्या वेळी काही मिनिटं लागणं नेहमीचंच आहे.

यावर एक सोपी परीक्षा आहे. आज रात्री मशीन नेहमीसारखं बंद करा, पण भिंतीवरचं आणि एसएमपीएसच्या मागचं बटण चालूच ठेवा. (विजांचा कडकडाट असेल त्या रात्री हे करू नका.) सकाळी सुरू करा आणि काय होतं ते वहीत लिहा. असं तीन-चार दिवस करा.

घड्याळ बरोबर आणि मशीनही पहिल्याच दमात सुरू झालं, तर बहुधा दोष सेलचाच. मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावा आणि सेल बदला. अधिक खूण असलेली बाजू वर येते. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर जुना सेल मोजून बघा. ३ व्होल्टच्या आसपास असेल तर तो ठीक, २.७ किंवा त्याहून खाली गेला असेल तर त्याचा भरवसा धरू नका.

घड्याळ बरोबर, पण सकाळी डिस्प्लेसाठी तीच झटापट, असं झालं तर सेल हा एकमेव दोषी नाही. तेव्हा माझा पहिला संशय एसएमपीएसवर. 'पंखे फिरतात म्हणजे पॉवर सप्लाय ठीक आहे' हे मी अनुभवी माणसांकडूनही ऐकलंय आणि ते चूक आहे. पंख्याला फक्त १२ व्होल्टची लाइन हवी असते, आणि त्यात थोडं कमीजास्त झालं तरी तो फिरतो. प्रोसेसरचं तसं नाही. एसएमपीएसच्या सगळ्या लाइन स्थिर झाल्या की तो बोर्डाला 'आता वीज ठीक आहे' असा एक वेगळा इशारा देतो. तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला थोपवून धरतो. इशारा आलाच नाही किंवा येऊन डळमळला, तर तुम्हाला नेमकं हेच दिसणार: पंखे, दिवे आणि काळा पडदा.

सकाळीच का, तर एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे भाग) जुने झाले की थंड असताना नीट काम करत नाहीत आणि थोडे तापले की जमवून घेतात. तुमचे चार-पाच प्रयत्न म्हणजे नकळत त्यांना तापवणंच असू शकतं. हे पडताळायला दुपारी मशीन बंद करा आणि दहा मिनिटांनी सुरू करा. गरम असताना दरवेळी पटकन सुरू होतं आणि रात्रभर थंड पडल्यावरच अडतं, असा नेम दिसला तर संशय पक्का होत जातो. मल्टीमीटरने १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइन मोजता येतात आणि पाच टक्क्यांच्या आत फरक चालतो, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. पण आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. पाव-अर्ध्या सेकंदाची गडबड मल्टीमीटरला दिसतच नाही. खात्रीचा उपाय एकच, ओळखीच्या कुणाचा तरी चांगला चालणारा, पुरेशा वॅटचा एसएमपीएस दोन-तीन दिवसांसाठी आणून सकाळी लावून बघायचा. लावताना २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टरही लावा. तो राहिला तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. आणलेल्या एसएमपीएसला त्याच्याच वायरी वापरा, जुन्याच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) वायरी त्याला जोडू नका, कारण पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि हार्ड डिस्क जळू शकते. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

तिसरा संशय रॅमवर. रॅमचा संपर्क सैल असेल तर सकाळ-दुपार असा नेम सहसा नसतो, मशीन मनाला येईल तेव्हा अडतं. तरी हे करून बघायला दहाच मिनिटं लागतात. वीज तोडून सगळ्या रॅम काढा. सोनेरी पट्ट्या स्वच्छ, मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा स्लॉटपासून दूर झटका आणि पट्ट्यांना बोट लावू नका. स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा. मग एकच रॅम लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा. खटका नीट बसेपर्यंत दोन्ही टोकं दाबा. लोक बोर्ड मोडेल या भीतीने अर्धवट दाबतात आणि दोष तिथेच राहतो. एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून काय होतं ते लिहून ठेवा.

रॅम बाहेर आहेतच, तर आणखी एक गोष्ट करा. बोर्डावर स्पीकरच्या पिना असतात, तिथे छोटा बझर लावा आणि एकही रॅम न लावता मशीन सुरू करा. बोर्डाने बीप करून तक्रार केली, किंवा नव्या बोर्डांवर असतो तो रॅमचा दिवा लागून राहिला, तर प्रोसेसर निदान तिथपर्यंत चालतोय आणि बोर्ड बोलतोय. 'बोर्ड मेला' असं म्हणणाऱ्याला हे समोर करून दाखवा. बीप किती वेळा आणि किती लांब याचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, तो बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतच बघा.

पडदा काळा असताना कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघायचंही विसरू नका. दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून सुरू झालंय, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मग मॉनिटरची केबल, तिचा इनपुट, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल बोर्डाला न लावता कार्डालाच लावली आहे ना, हे पाहा.

सेल बदलल्यावर एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगतो. डिस्प्ले आला, पण विंडोजऐवजी निळा पडदा किंवा बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश दिसला, तर डिस्क गेली असं समजून फॉर्मॅट मारू नका. सेटिंग्ज पुसल्यामुळे बायोस मूळ स्थितीला आलेलं असतं आणि त्यात साटाचा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारं सेटिंग) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेलेला असू शकतो, बूटचा क्रम आणि युईएफआय-लेगसीची (सुरू होण्याच्या नव्या-जुन्या पद्धतीची) निवडही बदललेली असू शकते. ते पूर्ववत केलं की विंडोज बहुतेक वेळा जसं होतं तसं उघडतं. म्हणून आत्ता मशीन चालू असतानाच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा आजच कागदावर उतरवा, बायोस बदललेलं दिसलं की विंडोज ती मागू शकतं.

क्रम मात्र सोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल आणि रॅम दोन्ही एकाच दिवशी हाताळलं आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे ते कळणार नाही, आणि महिन्याने पुन्हा अडलं तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

नवा सेल, दुसरा एसएमपीएस, एकेक रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये, हे सगळं होऊनही सकाळची अडचण तशीच राहिली, तर बोर्डाकडे वळा. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत का बघा. फुगलेली असतील किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर दोष तिथे आहे, आणि कुशल माणूस बोर्ड न बदलता तेवढेच कपॅसिटर बदलून देऊ शकतो. वरून सगळं ठीक दिसूनही दोष जात नसेल, तेव्हा बोर्ड बदलायला माझी हरकत नाही. त्यावेळी तुमची डिस्क कुणालाही पुसू देऊ नका. आधी ती तशीच नव्या बोर्डाला जोडून बघायला सांगा.