सलमान रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' ही कादंबरी पन्नास पानांवर सोडली. पुढं वाचावी का? आणि त्यातला इतिहास खरा मानायचा का?

वाचा. मीही पहिल्यांदा तिथंच सोडली होती. नांदेडला कॉलेजात असताना लायब्ररीतून आणली आणि मुदत उलटल्यावर दंड भरून पुरी न वाचताच परत केली. अडचण अशी, की नायक सलीम सिनाई जन्मालाच येत नाही! आधी काश्मीरमधले डॉक्टर आजोबा, भोक पाडलेल्या चादरीतून पेशंट तपासणं, मग आग्रा, दिल्ली. पहिला भाग संपताना कुठं तो मुंबईत जन्मतो, 15 ऑगस्ट 1947 च्या रात्री बाराच्या ठोक्याला. तिथवर दम धरा. त्या एका तासात देशभर जन्मलेल्या 1001 मुलांना अजब शक्ती मिळालेल्या असतात आणि त्या मुलांचे आवाज सलीमच्या डोक्यात येतात.

इतिहास म्हणून वाचाल तर मात्र फसाल. गांधीहत्येची तारीखच सलीम चुकवतो, वर चूक कबूल करूनही दुरुस्त करत नाही. गणपतीला वाल्मीकींनी रामायण सांगितलं, असंही ठोकून देतो. आपल्याकडचं शाळकरी पोरगंही म्हणेल, अहो, महाभारत, आणि तेही व्यासांनी. रश्दींनी नंतर एक लेख लिहून सांगितलं, की यातल्या बऱ्याच चुका मुद्दाम राहू दिल्यात. सलीमला सगळ्या इतिहासात आपलाच हात दिसतो. लहानपणी तो सायकलवरून थेट भाषिक मोर्चात घुसतो, तिथं घाबरून एक गुजराती थट्टेची ओळ म्हणतो, आणि मुंबई राज्य फुटलं ते माझ्यामुळंच म्हणतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घरच्यांकडून ऐकलेल्याला हे वाचून हसावं की चिडावं कळत नाही. मी हसलो.

पण मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तो बाराचा ठोका आमच्याकडं पडलाच नव्हता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. सुटका झाली 17 सप्टेंबर 1948 ला, तेरा महिन्यांनी. आमचं गाव हदगाव तालुक्यात. रझाकारांच्या धामधुमीत आजी पोटुशी असताना पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेली. धाकटे काका तिथं जन्मले, म्हणजे स्वतंत्र भारतात. थोरले त्याआधी अलीकडच्या काठावर, निजामाच्या मुलखात. पुढं शाळेत मास्तरांनी दोघांनाही जन्मतारीख 1 जून लावून टाकली. (आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं 1 जूनचीच.) सलीमच्या जन्माचा सेकंदापर्यंतचा हिशेब वाचताना मला सारखी ती 1 जून आठवायची.

शेवटाकडं आणीबाणी येते. पहिल्या दहा वर्षांतच 581 वर आलेल्या त्या मुलांचं तेव्हा काय केलं जातं, ते इथं सांगत नाही. इंदिरा गांधींनी 1984 मध्ये दावा लावला तो मात्र या भागासाठी नव्हे, त्यांच्या घराविषयीच्या एका वाक्यासाठी. ते वाक्य पुढं काढलं गेलं. 1981 चं बुकर आणि नंतरचे मानसन्मान तुम्हाला ठाऊक असतीलच.

आता पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका, सोडलं तिथूनच उचला. इंग्रजी जड वाटलं तर दार लावून मोठ्यानं वाचा. ही सांगितलेली गोष्ट आहे, कानानं लवकर कळते. लोणच्याच्या कारखान्यात सलीम ही गोष्ट जिला सांगतो ती पद्माही वैतागून तेच विचारते, जे तुम्ही विचारताय: अरे, पण तू जन्मणार कधी?