उमेदवाराने माघार घेतली, आता आम्ही काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : ज्यांच्यासाठी गेली तीन वर्षं राबलो, त्यांनी ऐनवेळी अर्ज मागे घेतला. आमचा वीस-पंचवीस जणांचा गट आहे. निम्मे म्हणतात, आता मतदानालाही जायचं नाही. काय करावं?

आधी माघार खरी झाली का ते बघा. अर्ज मागे घ्यायचा तर नमुना ५ ची लेखी सूचना शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावी लागते. ती उमेदवार स्वतः देतो किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला सूचक (त्याचं नाव सुचवणारा मतदार) अथवा निवडणूक प्रतिनिधी देतो. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. मुदत संपली की लढणाऱ्या उमेदवारांची यादी, म्हणजे नमुना ७-अ, कार्यालयात लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरत असलं तरी विश्वास त्या यादीवरच ठेवा.

माघार खरी असेल तर रुसायला वेळ नाही. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी ४ नोव्हेंबरला, शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला. मतदान होतं २० तारखेला. यंत्रावर हाताचा पंजाच राहिला नाही. पक्षाने अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा दिला आणि कार्यकर्त्यांना दोन आठवड्यांत त्यांचं चिन्ह, प्रेशर कुकर, घराघरांत पोहोचवावं लागलं. जागा शिवसेनेच्या राजेश क्षीरसागर यांनी जिंकली. अशा वेळी सगळ्यात मोठी अडचण चिन्हाची होते. वर्षानुवर्षं एकच चिन्ह शोधणारी नजर यंत्रासमोर गोंधळते.

म्हणून एका बैठकीत ठरवून टाका : उरलेल्यांपैकी कोणाला पाठिंबा द्यायचा, की गट म्हणून कोणालाच नाही. कोणाला द्यायचं ठरलं, तर आपल्या दोन-तीन मुख्य मागण्या त्या उमेदवाराकडून लेखी मान्य करून घ्या. मग घरोघरी जाताना चिन्हाबरोबर यंत्रावरचा अनुक्रमांकही सांगा. मान्यताप्राप्त पक्ष वर, नोंदणीकृत पक्ष मध्ये आणि अपक्ष खाली अशी रचना असते, त्यामुळे अपक्षाचं नाव बरंच खाली जातं. एका मतदान यंत्रावर ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) धरून सोळा बटणं बसतात. पंधरापेक्षा जास्त उमेदवार असले तर शेजारी दुसरं यंत्र येतं आणि आपलं नाव त्यावर असू शकतं. हे सांगायचं राहिलं तर म्हातारी माणसं पहिल्या यंत्रावर शोधत बसतात.

जुनी पत्रकं शिक्के मारून वाटू नका. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. छापखान्याला प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन ओळखीच्या व्यक्तींच्या साक्षीसह द्यावं लागतं. शिवाय उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे. तेव्हा उत्साहाच्या भरात स्वतःच्या पैशाने फलक लावू नका.

प्रश्न : आम्ही मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसणार होतो. आता ते हुकलं का?

माघार घेतलेल्या उमेदवाराच्या नावावर बसता येणार नाही. लढणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराने नमुना १० वर सही करून नेमलं तर येईल. आपण शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतले मतदार असावं. पाठिंबा मनापासून नसला तरी हे काम घेण्यासारखं आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं, कारण केंद्रात बसलेल्या माणसाइतकं बाहेरच्या कोणालाच दिसत नाही.

मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला, हजर राहा. अभिरूप मतदानात, म्हणजे यंत्राच्या चाचणीत, किमान पन्नास मतं टाकतात. ती मोजून जुळवल्यावर यंत्र ‘क्लिअर’ केलं, म्हणजे ती मतं पुसली का आणि मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढल्या का, हे डोळ्यांनी बघा. घाईत नेमकं हेच राहतं आणि मग मोजणीच्या दिवशी आकडे जुळत नाहीत. संध्याकाळी नमुना १७-क ची प्रत मागून घ्या. त्यावर एकूण किती मतं पडली ते असतं. मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात हा कागद हवाच.

प्रश्न : निषेध म्हणून नोटा दाबलं तर?

दाबा, पण त्याने काय होतं ते माहीत असू द्या. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला माघार घेतली आणि पक्षाने नोटाचं आवाहन केलं. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. तरी भाजपचे शंकर लालवानी बारा लाखांहून अधिक मतं घेऊन निवडून आले. लोकसभा-विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी ठरतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला : नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही तसंच झालं, तर सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून येतो.

आणि एकच उमेदवार उरला तर बटण दाबायची वेळच येत नाही. २०२४ लाच सुरतेत मुकेश दलाल असेच बिनविरोध खासदार झाले.

प्रश्न : आमच्या उमेदवाराने मुदत उलटल्यावर दुसऱ्याला पाठिंबा दिला. यंत्रावर नाव आहेच. मत दिलं तर बाद होईल?

नाही. ते मत धरलं जातं, आणि सर्वाधिक पडली तर तेच निवडून येतात.

प्रश्न : गावच्या पाण्यासाठी आम्ही त्यांच्यामागे होतो. ते गेले, पाणी तसंच.

पाण्याचा विषय ग्रामसभेत न्या. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तुमचा पंचवीस जणांचा गट प्रत्येकी चार माणसं घेऊन आला की सभा उभी राहते.

सभेची नोटीस निघण्याआधी विषय लेखी द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून मांडलात तर चर्चा होते, ठराव मात्र वहीत उतरेलच असं नाही. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. तेव्हा पहिल्याच विषयपत्रिकेत पाणी यायला हवं. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या सभेपासून आकार घेतो, म्हणून टाकी, जलवाहिनी किंवा विहिरीचं काम सप्टेंबरातच लिहून द्या. ठरावाची प्रत दिली नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस.