वाचकांचे प्रश्न : आवेश आणि काटा

प्रश्न : म्हापशात माझे किराणा दुकान आहे. दोन वर्षांपासून प्रार्थनेची ओढ लागली आहे. पहाटे चारला उठून गीते गातो, दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवासाठी) काढतो, दुकानात बायबलच्या वचनांच्या पाट्या लावल्या आहेत. पण घरचे म्हणतात, तुमची भक्ती चर्चपुरतीच. पूर्वी मी मापात मारत असे, तेही मनाला खाते. नीतिमत्त्व रोजच्या जगण्यात आणायचे तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : काट्यापासून. बायबलच्या लेवीय पुस्तकात (१९:३५-३६) खरा तराजू आणि खरी वजने ही देवाची आज्ञा म्हणूनच आली आहेत. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या सरकारी) खात्याकडून पडताळणी होते. शिक्का जुना असेल तर आधी ते काम उरका. एरवी आठवड्यातून एकदा शिक्क्याचे एक किलोचे वजन ठेवून पाहा. रिकाम्या काट्यावर शून्य आले म्हणजे काटा बरोबर, असे नव्हे; शून्य नीट दाखवून भाराला चुकणारे काटे पुष्कळ. खरी गळती मात्र डब्याच्या वजनात असते. ३० ग्रॅमचा डबा वजा न करता ५०० ग्रॅम काजू तोलले, तर गिऱ्हाइकाचे सहा टक्के गेले. पाट्या राहू द्या, पण आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा फिरवा.

मागचे फेडताना जक्कयाचे, म्हणजे येशूला भेटून पालटलेल्या श्रीमंत जकातदाराचे, नाव घेतले जाते. त्याने चौपट देऊ केले (लूक १९:८). मेंढी चोरून विकणाऱ्याला किंवा कापणाऱ्याला निर्गम २२:१ मध्ये तेवढाच दंड आहे. स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी गणना ५:७ मध्ये मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा सांगितला आहे : ५०० रुपये निघाले तर ६०० द्या. उधारीच्या वहीतली गिऱ्हाइके आधी धरा आणि अंदाज चढाच ठेवा. जी सापडणारच नाहीत, त्यांचे पैसे गरिबांना जावेत. ओळखीच्या माणसाचे पैसे दानपेटीत टाकून मोकळे होणे ही नेहमीची पळवाट. तिने कर्ज फिटत नाही. ही रक्कम दशमांशातही धरू नका. दशमांश आपल्या पैशाचा असतो आणि हे पैसे तुमचे नव्हतेच.

आता दुकानातल्या पोऱ्याचा पगार. अनुवाद २४:१५ प्रमाणे गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. महिन्याचा पगार असेल तर ठरलेली तारीख पाळा. दशमांश पाच तारखेला आणि पगार पंधराला, असे होत असेल तर क्रम उलटा झाला आहे. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना येशूने मत्तय २३:२३ मध्ये खडसावले. तुमच्या फळीवरच्याच वस्तू त्या! पहाटेच्या गीतांबाबत घरच्यांच्या झोपेचाही विचार करा. मत्तय ६:६ मध्ये दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. चार वाजता तर नक्कीच.

प्रश्न : कॉरेज्मातल्या (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या) शुक्रवारी इसवण (सुरमई) चालतो का?

उत्तर : चालतो. कॅथलिक नियमात त्या दिवशी मांस वर्ज्य आहे, मासळी नाही. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की हे बंधन लागते. उपवास मात्र राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी सक्तीचा, १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत : एक पूर्ण जेवण, शिवाय दोन वेळा थोडेसे. आजाऱ्यांना सूट आहे. चिकन टाळून इसवणाची भली जाड कापे तळली तर नियम मोडत नाही, पण त्यागही फारसा होत नाही. बांगड्यावर भागवा आणि वाचलेले पैसे कुणाच्या तरी औषधाला द्या.

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. शेजारच्या हिंदू काकी चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) पाठवतात. हल्ली माझा २२ वर्षांचा मुलगा, मूर्तीला दाखवलेले ख्रिस्ती माणसाने खाऊ नये असे प्रेषित पौलाच्या पत्रांचा आधार देत, दारातच वाद घालून ताट परत करतो. त्याला काय सांगू?

उत्तर : त्याचा आवेश खोटा नाही, अपुरा आहे. तो ज्या पौलाचा आधार घेतो, त्यानेच १ करिंथ १०:२७ मध्ये पुढे वाढलेले, चौकशी न करता खायला सांगितले आहे. हे अर्पण केलेले आहे असे कुणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, हे लगेच पुढच्या वचनात. म्हणजे सगळ्या नेवऱ्या एकाच मापाने मोजायच्या नाहीत. चवथीच्या आधीच काकींना सांगून ठेवा, “आमच्यापुरत्या नैवेद्य दाखवायच्या आधी बाजूला काढाल का?” गोव्यात या बोलण्याचा सहसा कुणाला राग येत नाही.

नैवेद्याचे ताट घ्यावे की नाही, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत. ते तुम्ही घरात, दार लावून ठरवा. नाही म्हणायचे ठरले तर मुलाने हात जोडून एवढेच म्हणावे : “काकी, नैवेद्य आम्ही घेत नाही, पण आठवण केलीत, बरे वाटले.” काकींच्या नातवंडांसमोर मूर्तिपूजेवर व्याख्यान नको, श्रद्धेबद्दल विचारणाऱ्यालासुद्धा सौम्यतेने उत्तर द्यावे असे १ पेत्र ३:१५ सांगते, आणि काकींनी तर काही विचारलेलेच नाही. नाताळात दोदोल-नेवऱ्यांचे ताट घेऊन यंदा त्यालाच त्यांच्याकडे पाठवा.