नाट्य-संगीताचा वर्ग वाचवताना

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील आमच्या नगरपरिषदेच्या माध्यमिक शाळेतील नाट्य-संगीताचा वर्ग खर्चाचे कारण देऊन बंद होत आहे. पालकांनी विरोध कसा मांडावा?

उत्तर : माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार त्या वर्गावरील खर्चाचा तपशील आणि संबंधित ठरावाची प्रत आधी मागवा, उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची असते. आकडे हाती नसताना काढलेला मोर्चा (खानदेशात वाजंत्रीला तोटा नाही) दुसऱ्या दिवशी विसरला जातो. शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग असल्यास शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून विषय तेथे घ्यावा. कला आणि विज्ञान यांत कठोर भेद नसावा, असे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येच म्हटलेले असल्याने, वही गायनासारखी खानदेशी लोककला याच वर्गात शिकवण्याची मागणीही निवेदनात जोडावी.