दह्यातल्या बॅक्टेरियाने रिंग दिली, पण कशामुळे?

प्रश्न : ताई, मी टीवायला आहे, मायक्रोबायोलॉजी. प्रोजेक्टसाठी घरच्या दह्यातून एमआरएस अगारवर (दह्यातले बॅक्टेरिया वाढवायचं जेलीसारखं माध्यम) बॅक्टेरिया वेगळे केले. त्यातल्या एकाचा ब्रॉथ (तो ज्यात वाढवला ते द्रव) ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या प्लेटमध्ये भोक पाडून टाकला तर भोवती मस्त क्लिअर रिंग आली, म्हणजे तिथे ई. कोलाय वाढलाच नाही. हा बॅक्टेरिओसिन, म्हणजे दुसऱ्या बॅक्टेरियांना मारणारं प्रोटीन, बनवतो असं रिपोर्टमध्ये लिहू का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगं, रिंग आली हे वाचून खरंच छान वाटलं, पण एवढ्यात बॅक्टेरिओसिन लिहू नकोस. हे बॅक्टेरिया वाढले की लॅक्टिक ॲसिड सोडतात, ब्रॉथचा पीएच 4 च्या आसपास येतो आणि ई. कोलायला अडवायला तेवढा आंबटपणाही पुरतो.

म्हणून असं कर, ब्रॉथ सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव, म्हणजे सुपरनॅटंट, घे, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ म्हणजे जिवंत पेशी राहणार नाहीत, मग थोडं तसंच ठेव आणि बाकीच्यात थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच 6.5 वर आण. आता रिंग गेली तर ती ॲसिडची होती. राहिली तर त्याच न्यूट्रल केलेल्यात एकीकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज एन्झाइम घाल, दुसरीकडे प्रोटीन तोडणारं प्रोटिनेज के. कॅटलेजने गेली तर हायड्रोजन पेरॉक्साइड, प्रोटिनेजने गेली तर प्रोटीन आहे, तेव्हा कुठे बॅक्टेरिओसिन म्हणायला जागा. आणि एक भोक नुसत्या एमआरएसचं, लॅक्टिक ॲसिडने त्याच पीएचला आणलेलं. हा कंट्रोल मुलं हमखास विसरतात आणि व्हायवाला नेमकं तेच विचारतात!

अजून एक, टेस्टला फक्त ई. कोलाय नको. तो ग्रॅम निगेटिव्ह, त्याला बाहेरून एक जादा मेंब्रेन असते, त्यामुळे नायसिनसारखी बॅक्टेरिओसिन्स एरवी आत पोचतच नाहीत. नायसिन म्हणजे दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकोकस लॅक्टिसचं, 1928 मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज चीजच्या पाकिटावर ई 234 म्हणून दिसतं ना, तेच. ते पेशीभित्ती बांधायला लागणाऱ्या लिपिड टू ला चिकटून पेशीला भोकं पाडतं. तेव्हा मॅडमना विचारून बॅसिलस सिरियससारखा, ही जादा मेंब्रेन नसलेला एखादा ग्रॅम पॉझिटिव्हही घे.

ॲसिडची रिंग निघाली तरी नाराज होऊ नकोस गं, आपलं दही दुधापेक्षा जास्त टिकतं ते त्याच ॲसिडमुळे, रिपोर्टमध्ये तसं सरळ लिही. नाव मात्र ग्रॅम स्टेन आणि कॅटलेज निगेटिव्ह एवढ्यावर ठरवू नकोस, 16एस सिक्वेन्सिंग (बॅक्टेरियाचा एक जीन वाचून ओळख पटवणं) जमत असेल तर करून घे. आणि रिंग मिलिमीटरमध्ये मोज, भोकाचा व्यास वेगळा लिही, सगळं तीनदा कर.