वाचकांचे प्रश्न : फुटबॉल महासंघ, सरकार आणि फिफाची लक्ष्मणरेषा

प्रश्न : २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघावर प्रशासक समिती नेमली ती सर्वोच्च न्यायालयाने, सरकारने नव्हे. मुदत संपूनही खुर्ची न सोडणाऱ्यांना हटवलं, तर फिफाने आपल्याच देशाला शिक्षा का करावी?

उत्तर : हटवल्याबद्दल शिक्षा झालीच नव्हती. अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती आणि निवडणूक लांबत चालली होती. १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने तिघांची समिती नेमली, तेव्हा फिफाने लगेच बडगा उगारला नाही. तिने वाट पाहिली, निवडणुकीचं वेळापत्रक मागितलं.

ठिणगी पडली मतदारयादीवरून. ३६ राज्य संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर ३६ नामवंत खेळाडूंनाही (२४ पुरुष, १२ महिला) मताधिकार द्यायचा, असं ठरलं. खेळाडूंना स्थान हवं हे फिफालाही मान्य होतं, पण ते कार्यकारिणीत सहयोजित (निवडून न येता सामावून घेतलेले) सदस्य म्हणून, साधारण पाव जागांवर. महासंघाचे सदस्य आहेत संघटना. त्यांच्याइतकीच मतं बाहेरून आणून ठेवली, तर महासंघ कुणाचा हा प्रश्न उरतोच. १५ ऑगस्टला निलंबन झालं. २२ ऑगस्टला न्यायालयाने समिती बरखास्त केली आणि मतदारयादी राज्य संघटनांपुरती ठेवली. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांचा ३३ विरुद्ध १ मतांनी पराभव केला. खेळाडूंचा आवाज वाढावा असं मनापासून वाटणाऱ्यांना हा आकडा आजही बोचतो, आणि तो बोचायलाच हवा.

न्यायालय म्हणजे सरकार नव्हे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण फिफाच्या घटनेत शब्द आहे ‘त्रयस्थ’. मंत्री, न्यायालय, प्रायोजक, कुणीही त्यात येतो. कलम १९ सांगतं की पदाधिकारी स्वतंत्र निवडणुकीतून किंवा अंतर्गत नियुक्तीतूनच यावेत. तसे न आलेल्यांना, हंगामी असले तरी, फिफा ओळखत नाही आणि त्यांचे निर्णयही मानत नाही. कलम १४ तर आणखी कडक आहे. हस्तक्षेपात महासंघाचा दोष नसला, तरी कारवाई महासंघावरच होऊ शकते. ऐकायला हे अन्यायाचं वाटतं, पण ‘सरकारपुढे आमचं काय चालणार’ एवढ्यावर सुटका होत असती, तर नियम पहिल्याच मंत्र्याने गुंडाळून ठेवला असता.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. निलंबन उठवताना फिफाने दोन गोष्टींची खात्री करून घेतली : समितीचा अधिकार पूर्ण संपला का, आणि रोजचा कारभार महासंघाच्या स्वतःच्या प्रशासनाकडे परत आला का. रोजचा कारभार म्हणजे पत्रावर, धनादेशावर, संघनिवडीच्या कागदावर सही कुणाची. समिती कागदोपत्री गेली आणि सह्यांचे अधिकार तिच्याच माणसांकडे राहिले, तर दुसरी अट पुरी होत नाही.

प्रश्न : सरकार अनुदान देतं, मैदानं देतं. मग महासंघात पैसा खाल्ला जात असेल, तर सरकारने बघत बसायचं?

उत्तर : मुळीच नाही. दिलेल्या पैशाचं लेखापरीक्षण करा, हिशेब जुळला नाही तर पुढचा हप्ता रोखा, अपहार दिसला तर त्या माणसावर गुन्हा नोंदवा. पदाधिकाऱ्याला अटक होणं म्हणजे हस्तक्षेप नव्हे. घोडं पेंड खातं ते पुढच्या पायरीवर : रिकाम्या खुर्चीवर सरकार आपला माणूस बसवतं तेव्हा.

केनियाचं उदाहरण पाहा. सरकारी तपासणीत पैशांचे घोळ निघाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मंत्र्यांनी महासंघ बरखास्त करून काळजीवाहू समिती नेमली. फेब्रुवारी २०२२ मध्ये निलंबन आलं, आणि संघ आफ्रिकी चषकाच्या पात्रता फेरीतून सामना न खेळताच बाद झाला. आरोपांमध्ये तथ्य किती, हा मुद्दाच मागे पडला.

योग्य क्रम असा. महासंघाच्या घटनेनुसार रिकाम्या पदाचा कार्यभार उपाध्यक्षाकडे जाऊ द्यायचा. सगळी कार्यकारिणीच नासलेली असेल, तर पुराव्यांची फाइल फिफा आणि खंडीय संघटनेकडे द्यायची व पाहणी पथक मागायचं. गरज पटली तर फिफा स्वतः सामान्यीकरण समिती नेमते. ती कारभार पाहते, घटना दुरुस्त करते आणि निवडणूक घेते. तिच्या सदस्यांना त्या निवडणुकीत उभं राहता येत नाही. हा मार्ग झटपट नसतो. पाकिस्तानात अशी समिती २०१९ मध्ये आली आणि अध्यक्षाची निवडणूक २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात, २०२१ मध्ये, एका गटाने लाहोरच्या मुख्यालयाचा ताबा घेतला आणि निलंबन ओढवलं. तरी सरकारने मागणी करायची ती याच दारात.

प्रश्न : निलंबनाने नेमकं काय थांबतं?

उत्तर : देशांतर्गत लीग चालू शकते. थांबतं ते बाहेरचं : राष्ट्रीय संघांचे सामने, क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, फिफाच्या बैठकीतलं मत, प्रशिक्षणवर्ग आणि निधी. फिफाच्या विकासनिधीतून २०२३ ते २०२६ च्या चक्रात पात्र महासंघाला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, त्यांतले ५० लाख रोजच्या खर्चासाठी. परदेशी खेळाडूंच्या करारांची नोंदणीही अडकते. २०२२ मध्ये गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता; खेळायला गेलेल्या मुली न खेळता परतल्या. ऑक्टोबरमधला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही आपल्या हातून जाता जाता वाचला.

फिफाचं कौन्सिल, म्हणजे तिचं निर्णय घेणारं मंडळ, असं निलंबन तातडीने लावू शकतं. पुढच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सदस्य महासंघांच्या सर्वसाधारण सभेत, तीन चतुर्थांश मतांनी ते कायम झालं नाही, तर आपोआप उठतं.

प्रश्न : मग २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा हाच हस्तक्षेप ठरत नाही का?

उत्तर : सर्व खेळांना सारखा लागू होणारा कायदा केला, एवढ्याने नाही. कार्यकारिणीत १५ हून जास्त सदस्य नकोत, किमान ४ महिला हव्यात, असे नियम रचनेबद्दल आहेत. कुणाला निवडा हे ते सांगत नाहीत. नजर ठेवायची ती राष्ट्रीय क्रीडा मंडळावर. त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमतं, आणि आंतरराष्ट्रीय मान्यता गेलेल्या महासंघासाठी हंगामी समिती बसवण्याचा अधिकार या मंडळाला आहे. फुटबॉलमध्ये तो वापरण्याआधी फिफाची लेखी संमती घेतली नाही, तर आधीच निलंबित असलेल्या महासंघाच्या परतीच्या वाटेत आणखी एक कुलूप पडेल.